दोन बॅटऱ्या, एकशे बत्तीस अंडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी नऊ वीसला अंडी यंत्रात ठेवली. एकशे बत्तीस. तीनदा मोजली, दोनदा एकशे बत्तीस आली आणि एकदा एकशे एकतीस, म्हणून चौथ्यांदा मोजली.

अंडी नदीपलीकडच्या मावशींची. गेल्या गुरुवारी त्यांचं शेड जळालं, आतल्या कोंबड्यांसकट. त्या कोंबड्यांची जातच काळी: पिसं काळी, पाय काळे, अंड्याचं कवच काळ्या कॉफीसारखं. ही जात त्यांच्या आजीपासून त्यांच्याच घरात आहे. उबवायची अंडी किंवा जिवंत पिल्लू त्यांनी कधी कुणाला दिलं नाही, त्यामुळे जगात दुसरीकडे कुठे ती असेल असं वाटत नाही. खुडूक कोंबड्यांखाली बसवायला म्हणून निवडलेली अंडी तेवढी घरात टोपलीत होती. आता अंडी आहेत आणि खुडूक कोंबडी एकही नाही.

"हीच उरलीत," मावशी म्हणाल्या. "आता तू आणि तुझं ते कपाट."

कपाट म्हणजे माझं उबवणी यंत्र. कॉलेजातली जीवशास्त्राची नोकरी गेल्यावर मागच्या खोलीत हा उद्योग सुरू केला, त्याला आठ महिने झाले. आतापर्यंत दोन खेपा काढल्या, दोन्ही साध्या कोंबड्यांच्या. मावशींचा माझ्यावर विश्वास आहे की त्यांना दुसरा इलाजच नाही, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर मला माहीत आहे.

"लाइट गेली तर?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"छत्तीस तास चालेल, मावशी. छतावर सोलर आहे, बॅटऱ्या आहेत. हिशेब केलाय मी."

हिशेब इथे लिहून ठेवते. बॅटऱ्या दोन. प्रत्येकीवर छापलंय: बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास. दोन्ही मिळून चोवीस व्होल्ट, तीनशे अँपिअर-तास. गुणाकार केला की सात हजार दोनशे वॉट-तास, म्हणजे बिलाच्या भाषेत सात युनिटांहून थोडं जास्त. यंत्र आणि फ्रिज मिळून दोनशे वॉट घेतात. भागिले दोनशे, छत्तीस तास. मुलांना शिकवताना मी उलट ताळा करून बघायला सांगायचे, तोही केला. बरोबर येतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तापमान ३७.६, स्थिर. इतर अंडी मी दिव्यासमोर धरून बघते, आतल्या रक्तवाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. या गडद कवचातून काहीच दिसत नाही. म्हणजे एकविसाव्या दिवसापर्यंत आंधळी कोशिंबीर.

नवरा म्हणाला, "मग दर दोन तासांनी आत जाऊन कशाला बघतेस? अंडी लाजतील."

बुधवार, १२ फेब्रुवारी

रात्रभर वादळ होतं. सकाळी वीज नाही. दुपारी कळलं की टेकडीपलीकडचे विजेचे तीन मनोरे वाकले. वीज कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, "पंधरा दिवस धरून चाला. वीस झाले तर मला शिव्या देऊ नका." जनरेटर भाड्याने देणाऱ्याकडे विचारलं, त्याचे सगळे जनरेटर दवाखान्यांत गेलेत, आणि ते योग्यच आहे.

मी शांत आहे, आणि त्याचं मलाच थोडं कौतुक वाटतंय. आकाश स्वच्छ, बॅटऱ्या चारपर्यंत पूर्ण भरल्या. रोज सूर्य उगवतो आणि माझ्याकडे छत्तीस तास आहेत. मावशींना निरोप पाठवला: काळजी नको.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सहा वाजून दहा मिनिटांनी मागच्या खोलीत गेले. शांतता होती. पंख्याची घरघर नाही. यंत्राचा धोक्याचा भोंगाही त्याच विजेवर चालतो, हा विचार मला आठ महिन्यांत एकदाही शिवला नव्हता.

आतलं तापमान २५.

इन्व्हर्टरच्या पडद्यावर नोंद होती: एक वाजून छत्तीस मिनिटांनी बंद. म्हणजे अंडी साडेचार तास थंड होत होती. संध्याकाळी साडेपाचपासून मोजलं तर बॅटऱ्या जेमतेम आठ तास चालल्या. छत्तीस नाही. आठ.

सोलरवाला दहाला आला. त्याला मी जवळजवळ ओरडूनच विचारलं, बॅटऱ्या खराब दिल्यात का? त्याने तपासल्या. चांगल्या होत्या. मग माझा कागद घेतला आणि डोकं खाजवलं.

"मॅडम, तुम्ही व्होल्टही वाढवले आणि अँपिअर-तासही वाढवले. दोन्ही कसे वाढतील? या एकामागे एक जोडल्यात. व्होल्ट चोवीस झाले. दीडशेचे दीडशेच राहतात."

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना. दारात सासरे उभे होते. बाबांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात काढली. सासूबाई गेल्यापासून दीड वर्षं ते फार बोलत नाहीत, खिडकीजवळच्या खुर्चीत असतात.

"सूनबाई," ते म्हणाले, "दोन पंप एकामागे एक जोडले तर पाणी उंच चढतं. जास्त येत नाही. जास्त हवं तर शेजारी-शेजारी जोडायचे."

सोलरवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "आजोबा, हे मी चार वर्षं लोकांना समजावतोय. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

म्हणजे सात हजार दोनशे नाही, तीन हजार सहाशे. तेही सगळे वापरायचे नसतात; या प्रकारची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून त्याने इन्व्हर्टर निम्म्यावर बंद पडेल असाच लावून दिला होता. "मृतसाठा," बाबा म्हणाले. हो, धरणातल्यासारखा. दिसतो, पण वापरायचा नाही. राहिले अठराशे. शिवाय इन्व्हर्टर स्वतःच पंचवीस वॉट खातो, तो माझ्या हिशेबात नव्हताच. आणि दीडशेचा आकडासुद्धा वीस तास हळूहळू उपसली तरचा. घाईने उपसली तर तेवढाही मिळत नाही. हेही बॅटरीवर छापलेलं होतं, सी-२० असं. मी ते मॉडेलचं नाव समजले होते.

ताळा बरोबर येतो म्हणून हिशेब बरोबर असतो, असं मी किती मुलांना शिकवलं असेल?

अंडी परत ३७.६ वर आणलीत. जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही.

गुरुवार, दुपारी

रडून झालं. आता काम.

ऊन उपयोगाचं नसतं असे तास सोळा. अठराशे भागिले सोळा, एकशे बारा वॉट. त्यातले पंचवीस इन्व्हर्टरचे. यंत्राला उरले सत्त्याऐंशी. यंत्र घेतं एकशे साठ.

फ्रिज बंद. यंत्राभोवती घरातल्या सगळ्या रजया गुंडाळल्या, हवेची भोकं सोडून. आता एकशे बावीसवर आलंय. अजून पस्तीस कमी करायचे आहेत.

नवरा दुकानातून (त्याचं चष्म्याचं दुकान आहे) जेवायला आला होता. म्हणाला, "ऊब विजेचीच हवी असा नियम आहे का? गॅस आहे की घरात."

मी त्याच्याकडे बघितलं. एक लिटर पाणी, ऐंशी अंशांवरून चाळीसवर येताना सेहेचाळीस वॉट-तास देतं. बारा बाटल्या म्हणजे साडेपाचशे. भागिले सोळा, साधारण पस्तीस वॉट.

एक लिटरची स्टीलची बाटली ही सेहेचाळीस वॉट-तासांची बॅटरी आहे, आणि तिचा तळापर्यंत वापर करता येतो! नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला फक्त पाणी गरम करायचं सुचलं होतं. बाकीचं तुझं तू बघ."

नऊला चार, एकला चार, पाचला चार. नऊची पाळी माझी, पाचची नवऱ्याची. एकची कुणी घ्यायची यावर बोलत होतो तेवढ्यात बाबा म्हणाले, "रात्रपाळी माझी." आणि वही मागितली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी आठला बॅटरी एकावन्न टक्के. पन्नासला बंद पडली असती. यंत्र रात्रभर ३७.५ ते ३७.७.

बाबांची वही बघितली. यंत्राच्या प्लगला छोटं मीटर आहे, ते बाबा दर तासाला वाचतात. वेळ, आकडा, तासाभरात किती खर्च, सही. प्रत्येक ओळीला सही! रात्रीची सरासरी ८७. मला हवे होते त्यापेक्षा एकही वॉट जास्त नाही.

विचारलं, "बाबा, दर तासाला कशाला? झोपा की मधे."

"आकडा बघायचा, लिहायचा, मत द्यायचं नाही," ते म्हणाले. "मत साहेब देतात."

साहेब म्हणजे मी असावे.

रविवार, १६ फेब्रुवारी

तीन दिवस टाळलं, आज मावशींकडे गेले. वाटेत दोनदा मागे फिरावंसं वाटलं. पिल्लं निघेपर्यंत न सांगणं हे खोटं बोलणं आहे का? आहे. निघाली असती तर मी कधीच सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं.

सगळं सांगितलं. छत्तीस, आठ, साडेचार तास, पंचवीस अंश. मावशी जळलेल्या शेडचे पत्रे वेगळे करत होत्या. हात थांबवले नाहीत.

"कितवा दिवस होता?"

"दहावा."

"हं. एकदा माझी एक खुडूक कोंबडी चुकून बाहेर कोंडली गेली. रात्रभर. नऊ अंडी उघडी. सात निघाली." मग पत्रा खाली टाकून म्हणाल्या, "आणि अशी तोंड पाडून येत जाऊ नकोस. मला वाटलं, तुझ्या सासऱ्याचं काही झालं."

हे खरं घडलेलं की माझ्यासाठी रचलेलं, ठरवता येत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरासरी ८३. काल ८६ होती. थंडी कमी झाली असेल.

बाबांनी आज सकाळी दाढी केली. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाले, "कुठे नाही. ड्यूटी आहे."

बुधवार, १९ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहावी की नाही याचा दिवसभर विचार केला. लिहिते.

वहीतले आकडे उतरतायत. ८७, ८७, ८६, ८३, ८०, आज ७६. थंडी कमी झालेली नाही. खोलीत रोज सोळा-सतरा अंश, थर्मामीटर मीच बघते. बाटल्या बाराच. रजया त्याच. मग यंत्र कमी वीज का घेईल? फुकट काही मिळत नाही.

मला वाटतं, बाबा आकडे कमी लिहितायत. मला बरं वाटावं म्हणून. परवा मी स्वयंपाकघरात तोंड धुताना त्यांनी पाहिलं होतं, आणि मी नुसतंच तोंड धूत नव्हते. किंवा त्यांना दिसत नसेल, आठचा तीन वाटत असेल.

नवऱ्याला सांगितलं. त्याला हसू आलं नाही. "त्यांच्या डोळ्यांचा नंबर मी स्वतः काढलाय, गेल्या महिन्यात. माझ्यापेक्षा चांगलं दिसतं त्यांना. आणि दुसरी शंका त्यांच्यासमोर काढू नकोस."

गुरुवार, २० फेब्रुवारी

काढली. काढायला नको होती, पण पाठीमागे मीटर तपासण्यापेक्षा तोंडावर विचारणं बरं, असं वाटलं.

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "एकोणीस वर्षांपूर्वी पाण्याची पातळी होती तेवढी कमी लिहिली म्हणून साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. 'जरा वाढवून लिहा, वर पाठवायचंय.' मी नाही लिहिलं. माझी बढती गेली. आणि आता तुझ्यासाठी गोड करून लिहू?"

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. साहेबाने शंका घ्यावी. पण मीटर जाऊन बघावं." आणि काठी टेकत स्वतःच मागच्या खोलीत निघाले.

मीटरवरचा एकूण आकडा आणि वहीतली बेरीज, तंतोतंत. आजची सरासरी ७२.

मी यंत्राच्या काचेला हात लावून उभी राहिले. फुकट काही मिळत नाही. बाटल्या तेवढ्याच, रजया तेवढ्याच, वीज पंधरा वॉट कमी, आणि आत मात्र ३७.६. म्हणजे पंधरा वॉट दुसरं कुणीतरी देतंय.

दुसरं कोण आहे आत?

हे मी शिकवलंय! अकरा वर्षं शिकवलंय. गर्भ लहान असतो तेव्हा बाहेरची ऊब घेतो; मोठा झाला की स्वतः ऊब देऊ लागतो. मोठ्या उबवणी केंद्रांत शेवटच्या आठवड्यात तापवायचं सोडून गार करावं लागतं. मेलेलं अंडं खोलीइतकंच थंड व्हायला बघतं. जिवंत अंडं शेजारच्याला तापवतं.

या वयाचा गर्भ एका वॉटचा साधारण आठवा भाग देतो. पंधरा वॉट म्हणजे एकशे वीस गर्भ.

कवचातून दिसत नव्हतं ते मीटरमधून दिसत होतं, चार दिवस, बाबांच्या अक्षरात, प्रत्येक ओळीला सही करून. आणि मी काय म्हणाले?

त्यांना सांगितलं तेव्हा आधी त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे ती पण पाळी करतायत," म्हणाले. मग मला म्हणाले, "बाटल्या पाच कमी कर. गॅस कशाला जाळायचा?" पाच! मी कागदावर करून बघितलं. पंधरा गुणिले सोळा, भागिले सेहेचाळीस. पाच पूर्णांक दोन. त्यांनी हे मनात केलं.

मावशींकडे निरोप पाठवला नाही. एकदा काळजी नको म्हणाले होते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल अठरावा दिवस, अंडी फिरवणं थांबवलं, आत ओलावा वाढवला. आज दिवसभर ढग. बॅटरी एक्क्याण्णवच्या वर गेली नाही. दहा दिवसांपूर्वी मी आधी रडून घेतलं असतं. आज किती वॉट-तास कमी पडतात ते काढलं, बाटल्यांनी भागलं, सात बाटल्या वाढवल्या आणि जेवायला बसले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

एकविसावा दिवस. काही नाही. दर अर्ध्या तासाने बघितलं. एकाही कवचाला तडा नाही.

मावशी सकाळपासून येऊन बसल्यात. नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली, त्यांनी ती बाबांकडे सरकवली. बाबांनी परत त्यांच्याकडे. शेवटी खुर्ची रिकामी आणि दोघं उभे.

एकशे वीस गर्भांचं माझं गणित आज पुन्हा केलं. ताळा बरोबर येतो. ताळ्यावर माझा विश्वास उरलेला नाही. आकडा आठव्या भागाऐवजी चौथा असेल, म्हणजे गर्भ निम्मेच असतील तर? मेल्यावरही काही काळ ऊब राहते का? राहत नाही, मला माहीत आहे. तरी पुस्तक काढून बघितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पाच वाजता नवरा बाटल्या बदलायला गेला आणि त्याने मला हाक मारली नाही. तो मागच्या खोलीतच थांबला, हातात गरम बाटली घेऊन. मी उठून गेले तर म्हणाला, "ऐक."

कवचाच्या आतून आवाज येत होता. एक नाही, खूप. थंडीने गेलेले साडेचार तास त्यांनी भरून काढले होते, दिवसभर उशिरा येऊन.

पहिलं सात चाळीसला. ओलं, कुरूप, काळंकुट्ट. पायसुद्धा काळे. मावशींनी काचेतून पाय बघितले आणि "हां," एवढंच म्हणाल्या. मग पदर तोंडावर धरून बाहेर गेल्या आणि नळ सुरू केल्याचा आवाज आला. त्या तोंड धूत होत्या.

दुपारपर्यंत एकतीस. चारला चौसष्ट. नंतर मोजता येईना, सगळी एकमेकांवर चढत होती. बाबांनी वहीत नवीन रकाना पाडला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

एकशे नऊ.

नवऱ्याने मोजली, मी मोजली, मावशींनी मोजली. मावशी मोजतात तशी कुणालाच मोजता येत नाहीत, एका हातात चार धरून. बावीस अंडी फुटली नाहीत, एक पिल्लू कमजोर होतं ते सकाळी गेलं. एकशे बत्तीसपैकी एकशे नऊ. मावशींच्या सगळ्यात चांगल्या कोंबडीची सरासरीही याहून कमी आहे. हे त्यांनीच सांगितलं, आणि कबूल करताना त्यांना त्रास झाला.

संध्याकाळी खोक्यांत भरताना त्यांनी पिल्लं दोन ढिगांत करायला सुरुवात केली. एकीकडे बरीच, एकीकडे थोडी. मला वाटलं, अशक्त वेगळी काढतायत. थोड्यांच्या ढिगातली तर चांगली दणकट होती.

"ही तीस तुझी," त्या म्हणाल्या. "वाढव, मग त्यांची अंडी दुसऱ्या कुणाला दे, तिसऱ्याला दे. आजीने कुणाला दिलं नाही, आईने दिलं नाही, मीही नाही. सगळं एका छपराखाली. जळालं तर जळालं." मग खोक्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तुझ्याकडून एकदा चूक झाली, आठ तासांत कळली. आमची साठ वर्षं चालली होती."

"मावशी, मी नीट सांभाळीन," एवढंच म्हणाले, आणि लगेच वाटलं, हेही मी फार लवकर म्हणाले का?

"तू नाही, ते सांभाळतील," त्या बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तू हिशेब कर."

बाबा खाली बसले होते, मांडीवर तीन पिल्लं, चौथं बाहीत शिरलेलं. मला बोलावून म्हणाले, "यांना आता किती ऊब लागेल? दर आठवड्याला किती कमी करायची? कागदावर काढून दे. पाळ्या ठरवायच्यात." पिल्लं सगळी एकाच वेळी ओरडत होती, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. मावशी आणि बाबा खोक्याला भोकं किती पाडायची यावर भांडत होते. मी माझ्याच घरात एका कोपऱ्यात उभी राहून हसत होते, का ते सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सोलरवाल्याचा फोन आला. नवऱ्याने एक कान बोटाने बंद करून घेतला.

"काय? मोठ्याने बोला! लाइट? सगळीकडे आली?" तो म्हणाला. "आमच्याकडे? थांबा हं, बघून सांगतो."